हुषार मुलांची सहामाही

जून महिन्यांत शाळा उघडतात आणि शिक्षकांच्या खोलींत सहामाहीचें नियोजन लिहिण्याची घाई सुरू होते. घटकाचें नांव, तासांची संख्या आणि चांचणीची तारीख अशा तीन रकान्यांत गणिताचें अर्धें वर्ष बसविलें जातें. हें नियोजन बहुधा वर्गांतील मधल्या मुलाकडे पाहून केलेलें असतें. मागें पडणाऱ्या मुलांसाठीं कांहीं शाळा जादा तास ठेवतात, आणि ते ठेवलेच पाहिजेत. पण प्रत्येक वर्गांत आणखी चार-सहा मुलें अशीं असतात कीं, ज्यांच्यासाठीं नियोजनांत एकहि ओळ लिहिलेली नसते. त्यांचें आपोआप चालतें, असें आपण सर्वांनींच गृहीत धरलेलें असतें. आजचें माझें बोलणें या मुलांविषयीं आहे. तें शिक्षकांना उद्देशून आहे, तसेंच ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्या आईबापांनाहि उद्देशून आहे.

या मुलांचें वर्गांत काय होतें तें पाहूं. शिक्षक फळ्यावर उदाहरण लिहून वळतात तोंच यांचें उत्तर तयार असतें. उरलेला अर्धा तास त्यांनीं काय करावें? रूढ उपाय दोन आहेत. पहिला उपाय म्हणजे त्याच नमुन्याचीं आणखी दहा उदाहरणें देणें. लवकर जेवण उरकलेल्या माणसाच्या पुढें पुन्हां तेंच ताट वाढावें, तसा हा प्रकार. चपळाईबद्दल शिक्षा मिळते हें ध्यानांत येतांच शहाणें मूल हळू लिहावयास शिकतें. दुसरा उपाय विशेषतः शहरांतील सुशिक्षित घरांत लोकप्रिय आहे. मूल नववींत असतांनाच त्याच्या हातीं अकरावीचें पुस्तक दिलें जातें. त्यानें मुलास पुष्कळ संज्ञा पाठ होतात, चार पाहुण्यांसमोर कौतुकहि होतें; परंतु जें वरवर चाळलें गेलें तें पुढें वर्गांत आलें म्हणजे 'हें मला येतें' या समजुतीनें मूल तिकडे लक्ष देईनासें होतें, आणि मुळें खोल जावयाचीं तीं जात नाहींत.

या दोन्ही उपायांत एक समान उणीव आहे. त्यांत मूल अडत नाहीं. ज्याचें गणित शाळेंत दहा वर्षांत एकदांहि अडलें नाहीं, त्याची अशी समजूत होते कीं, गणित येणें म्हणजे चटकन् येणें. मग सतराव्या-अठराव्या वर्षीं केव्हां तरी पहिला खरा कठीण प्रश्न समोर उभा राहतो. पंधरा मिनिटें जातात, तास जातो, वाट दिसत नाहीं. ज्याला अडण्याची संवय आहे तो म्हणतो, 'आज अडलें, उद्यां पाहूं.' ज्याला ती नाहीं तो म्हणतो, 'आपली बुद्धि येथवरच होती.' चांगल्या चांगल्या मुलांनीं गणित सोडून दिलें त्याच्या मुळाशीं पुष्कळदां बुद्धीचा अभाव नसून ही चुकीची समजूत असते. म्हणून हुषार मुलांसाठीं सहामाही आंखतांना माझी एकच कसोटी आहे: या मुलास आठवड्यांतून एकदां तरी प्रामाणिकपणें अडावयास मिळतें काय, आणि अडल्यावर वाट शोधावयास पुरेसा अवधि मिळतो काय?

आतां हुषार कोणाला म्हणावयाचें? गुणपत्रिकेवरून ही निवड करणें सोपें आहे, पण तें फसवें आहे. व्ही. ए. क्रुतेत्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञानें शाळकरी मुलांच्या गणिती बुद्धीचा अनेक वर्षें अभ्यास केला; त्याचा ग्रंथ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याला असें आढळलें कीं, गणितांत गति असलेलें मूल एका उदाहरणावरून त्या जातीच्या सर्व उदाहरणांचें मर्म ओळखतें; विचारांतील मधल्या पायऱ्या त्याच्या मनांत आपोआप गळून पडतात; एक वाट बंद झाली तर तें दुसरी धरतें, आणि गेलेल्या वाटेनें उलटहि येऊं शकतें. कांहीं महिन्यांनीं त्याला उदाहरणांतील आंकडे आठवत नाहींत, पण त्यांतला परस्परसंबंध आठवतो. झपाट्यानें आकडेमोड करणें आणि आंकडे व सूत्रें ध्यानांत ठेवणें या गोष्टींना मात्र या संशोधकानें गणिती बुद्धीच्या आवश्यक अंगांत धरलेलें नाहीं. म्हणजे जें मूल पाढे अडखळत म्हणतें, पण 'हें नेहमींच असें होतें का?' असें विचारतें, तें आपल्या यादींत असलें पाहिजे. येथें आणखी एक सावधगिरी सांगतों. मुलाचें उत्तर बरोबर आलें कीं त्याला 'हुषार' म्हणावयाचें आणि मुलीचें बरोबर आलें कीं तिला 'मेहनती' म्हणावयाचें, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. यादी करतांना ती विसरावी.

खरें म्हणजे जूनमध्यें यादी करूंच नये. प्रश्न असा निवडावा कीं, त्याची पहिली पायरी वर्गांतील साठच्या साठ मुलांस चढतां यावी आणि शेवटची पायरी कोणालाच एका दमांत गांठतां येऊं नये. मग कोण कोठवर चढतो तें आपोआप दिसतें, आणि ज्यांच्याकडून आपण कांहीं अपेक्षा केली नव्हती अशीं एक-दोन मुलें वरच्या पायरीवर बसलेलीं आढळतात. थोड्या मुलांसाठीं साऱ्या वर्गाचा वेळ कां घ्यावा, या आक्षेपाचें उत्तरहि यांतच आहे.

आतां वेळेचा हिशेब करूं. उदाहरणासाठीं नववीचा वर्ग घेतों. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सुमारें १८ आठवडे होतात. विदर्भांत शाळा थोड्या उशिरां उघडतात. गणपति, चांचण्या, सामने, पावसाची सुटी हें सर्व वजा घालतां १५ आठवडे हातीं राहतात. आठवड्याचे सहा तास धरले तर ९० तास झाले. त्यांतील १५ मी मागतों, म्हणजे आठवड्यास एक. हे तास आणावयाचे कोठून? एकाच नमुन्याचीं सहा उदाहरणें फळ्यावर सोडविण्याऐवजीं चार सोडवावींत. उरलेलीं दोन मुलें घरीं सोडवितील. तेवढ्यानें हे तास निघतात. या १५ आठवड्यांचे तीन पंचक करावेत आणि प्रत्येक पंचकास एकच प्रश्न द्यावा. पांच आठवड्यांत एक प्रश्न हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल; म्हणून ते तीन प्रश्नच सांगतों. श्रोत्यांनीं हवें तर कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

पहिलें पंचक. नाशिकजवळ देवळालीस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या नांवाचे एक शाळाशिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ चा आणि मृत्यु १९८६ चा. संख्यांशीं खेळणें हा त्यांचा जन्माचा छंद. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनीं १९४९ सालीं जाहीर केला, आणि १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिल्यावर तें नांव जगभर झालें. त्यांचीच कृति आपण प्रथम तीन अंकी संख्येवर करूं. तीनहि अंक सारखे नसतील अशी कोणतीहि संख्या घ्या. समजा, ३५२ घेतली. अंक उतरत्या क्रमानें लिहून ५३२, चढत्या क्रमानें लिहून २३५, वजाबाकी २९७. याच अंकांवर पुन्हां तीच कृति केली म्हणजे ६९३, मग ५९४, मग ४९५. आतां ४९५ वर कृति करा. ४९५ च येतात. पहिल्या तासाला साठ मुलें साठ संख्या घेतात आणि सर्वजण ४९५ वर येऊन पोंचतात. वजाबाकी करूं शकणाऱ्या प्रत्येकास हा तास आपला वाटतो.

दुसऱ्या आठवड्याचा प्रश्न 'असें कां?' एवढाच. येथें वर्ग प्रथमच अडतो, आणि शिक्षकानें अडूं द्यावें. कोणी तरी अंकांच्या जागीं अक्षरें घेईल, निदान घेण्याची सूचना मिळाल्यावर घेईल. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, लहान क. वजाबाकी केली कीं मधला अंक नाहींसा होतो आणि उरते अ व क यांच्या फरकाची ९९ पट. हा फरक १ ते ९ यांपैकींच कांहीं तरी असणार. म्हणून संख्या कोणतीहि घेतली तरी पहिल्या वजाबाकीचें उत्तर फक्त नऊ संख्यांपैकीं एक असतें. त्या नऊ तपासल्या कीं सिद्धता पुरी झाली. अक्षरें ही केवळ परीक्षकास खूष करण्याची युक्ति नसून शेंकडों वजाबाक्यांचें काम एका ओळींत करणारें साधन आहे, हें मुलास येथें पटतें. बीजगणिताच्या कोणत्याहि व्याख्येनें तें इतकें पटत नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत चार अंकी संख्या. ३५२४ पासून आरंभ केला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तेथें मुक्काम. चार अंकी संख्या एकंदर ९,००० आहेत. चारहि अंक सारखे असलेल्या ९ वगळल्या तरी ८,९९१ उरतात. त्या सर्व तपासावयाच्या काय? पुन्हां अक्षरें घ्यावीं. पहिली वजाबाकी दोनच गोष्टींवर ठरते असें दिसतें: टोंकाच्या दोन अंकांचा फरक आणि मधल्या दोन अंकांचा फरक. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची ती बेरीज असते. टोंकाचा फरक १ असेल तर मधला फरक ० किंवा १, म्हणजे दोन प्रकार. २ असेल तर तीन प्रकार. असें करीत ९ असेल तर दहा प्रकार. दोनपासून दहापर्यंतची बेरीज ५४. आठ हजार नऊशें एक्याण्णव संख्यांचें काम चोपन्नांवर आलें! सहा मुलांनीं नऊ नऊ वांटून घ्यावींत. एका तासांत सिद्धता होते, आणि कोणत्याहि संख्येस सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहींत हेंहि दिसून येतें. चौथ्या आठवड्यांत दोन अंकी संख्या द्याव्यात. तेथें मुक्कामच नाहीं. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हां ९ असें रहाट फिरत राहतें. जें तीनांस आणि चारांस खरें तें दोनांस खरें नाहीं, हा धक्का हुषार मुलास फार आवश्यक आहे. पांच अंकांचें काय होतें तें ज्याला हवें त्यानें सुटींत पाहावें.

दुसरें पंचक भास्कराचार्यांच्या लीलावतींतून घेऊं. हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांत एक उदाहरण आहे: ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्यानें मधेंच मोडला आणि त्याचें टोंक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीस टेंकलें, तर तो किती उंचीवर मोडला? काटकोन त्रिकोणाच्या सिद्धांतानें उत्तर १२ हात येतें. साधारण वर्गांत हें उदाहरण पांच मिनिटांत संपतें. आपल्या पंचकाचा आरंभ मात्र उत्तर आल्यानंतर होतो. दुसऱ्या तासाचा प्रश्न असा: आचार्यांनीं ३२ च हात कां घेतले? ३० कां नाहीं?

मुलें ३० घेऊन पाहतात. टोंक बुंध्यापासून १ हात, २ हात, ३ हात असें कितीहि पूर्ण हातांवर टेंकवलें तरी मोडण्याची उंची पूर्ण हातांत येत नाहीं. ३१ घेतले तरी येत नाहीं, ३३ घेतले तरी नाहीं. २८ पासून ३५ पर्यंतच्या सर्व बांबूंत ३२ हा एकटाच असा आहे कीं जो पूर्णांकांत उत्तर देतो. आणि तो तीन उत्तरें देतो. टोंक ८ हातांवर पडलें तर उंची १५, १६ वर पडलें तर १२, आणि २४ वर पडलें तर ७. ही सारणी मुलांनींच शोधावयाची आहे. त्यांना एक दोन तास लागतील आणि कांहीं चुकतीलहि. पुढच्या आठवड्यांत १८ आणि ५० हे बांबू द्यावेत. १८ चीं दोन उत्तरें येतात, ५० चीं चार. आतां १८, ३२, ५० या संख्या शेजारीं ठेवून पाहावें. कोणी तरी ओरडेल कीं, या ९, १६ आणि २५ यांच्या दुपटी आहेत, म्हणजे ३, ४ आणि ५ यांच्या वर्गांच्या दुपटी! एका संख्येच्या वर्गाची दुप्पट एवढा बांबू घ्यावा, आणि त्या संख्येहून लहान अशी दुसरी कोणतीहि संख्या घ्यावी. मग मोडण्याची उंची म्हणजे दोन वर्गांचा फरक, मोडून तिरपा पडलेला तुकडा म्हणजे दोन वर्गांची बेरीज, आणि टोंकाचें बुंध्यापासूनचें अंतर म्हणजे त्या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट. पूर्णांक बाजूंचे काटकोन त्रिकोण तयार करण्याचें प्रसिद्ध सूत्र हेंच. पुस्तकांत तें एका ओळींत छापलेलें असतें आणि मुलें पाठ करतात. येथें तें मोडक्या बांबूंतून त्यांच्या हातीं येतें, आणि जें हातीं आलें तें विसरत नाहींत.

तिसरें पंचक भागाकाराचें. १ ला ७ नें भागावयास सांगावें. दशांश चिन्हानंतर १४२८५७ हे सहा अंक येतात आणि तेच पुन्हां पुन्हां येत राहतात. हें सर्वांस ठाऊक असतें; परंतु कां, हें क्वचितच विचारलें जातें. फळ्यावर भागाकार लिहितांना आपण बाक्या पुसून टाकतों. त्या पुसूं नयेत. बाक्या १, ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हां १. सातानें भागल्यावर शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. म्हणून सहा पावलांच्या आंत एखादी बाकी पुन्हां आलीच पाहिजे, आणि ती आली कीं सारें पुन्हां पहिल्या क्रमानें चालणार. खोल्यांपेक्षां पाहुणे अधिक असतील तर एका तरी खोलींत दोघे राहणारच, हा साधा विचार येथें केवढें काम करतो पाहा! मग १३ नें भागावें: आवर्तन बारा अंकांचें असूं शकलें असतें, पण येतें सहा अंकांचें. १७ नें भागावें: तेथें पूर्ण सोळा अंक येतात. १४२८५७ मधून कापून १४२ आणि ८५७ यांची बेरीज करावी; ९९९ येते. १३ च्या आवर्तनाचे अर्धे भाग ०७६ आणि ९२३. त्यांची बेरीजहि ९९९. हें कां होतें, याची किल्ली १००१ या संख्येंत आहे. कारण १००१ म्हणजे ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार. एवढी सूचना देऊन आठवडाभर गप्प बसावें. शेवटीं उलटा प्रश्न विचारावा: ज्या दशांशांत कधींच आवर्तन नाहीं अशी संख्या लिहून दाखवितां येईल काय? हा प्रश्न मुलांना अपरिमेय संख्यांच्या उंबरठ्यावर आणून सोडतो, आणि क्रमिक पुस्तकांतील त्या धड्याची वाट मुलें स्वतः पाहूं लागतात.

पंचकांचा क्रम शाळेच्या घटकांप्रमाणें बदलावा; पण प्रत्येक पंचकाचा पांचवा तास मात्र लिहिण्यासाठीं आणि सांगण्यासाठींच राखून ठेवावा. हुषार मुलाचा मोठा दोष हा कीं, मधल्या पायऱ्या त्याच्या मनांत गळतात आणि कागदावरहि गळतात. 'मला दिसतें' एवढें पुरत नाहीं. शेजारच्या बांकावरील मुलास पटेल असें लिहिलें पाहिजे. त्या तासाला एकानें फळ्यापाशीं उभें राहून सिद्धता सांगावी आणि इतरांनीं तिच्यांत छिद्र शोधावें. छिद्र सांपडलें तर तें शोधणाऱ्याचें कौतुक व्हावें, आणि सांगणाऱ्याची मान खालीं जाऊं नये. हें शिक्षकाच्या स्वरावर अवलंबून असतें.

या मुलांची एक निराळी वही असावी. तींत तीनच गोष्टी लिहावयाच्या: मी काय करून पाहिलें, कोठें अडलें, आणि आतां मला काय विचारावेंसें वाटतें. या वहीस गुण देऊं नयेत. गुण आले कीं मुलें अडल्याची जागा लपवितील. शिक्षकानें आठवड्यास पांच-सहा वह्या पाहाव्या आणि प्रत्येकींत एक ओळ लिहावी. ती ओळ शक्यतों प्रश्नार्थक असावी. सूचना द्यावयाच्या त्या आधींच तीन तयार ठेवाव्यात आणि एका तासांत एकच खर्च करावी: लहान संख्या घेऊन पाहा, सारणी कर, अक्षर घे. या तीन सूचनांवर पुष्कळ मोठें गणित चालतें. शिक्षकांच्या मनांत एक भीति असते कीं, मुलानें असा प्रश्न विचारला कीं ज्याचें उत्तर आपल्याला येत नाहीं, तर? तर फारच उत्तम. जाणता माणूस अडला म्हणजे काय करतो, हें मुलांस पाहावयास मिळण्याची याहून चांगली संधि नाहीं.

कोणी म्हणेल कीं स्पर्धेच्या या काळांत अशी सावकाशी परवडत नाहीं. स्पर्धांचाच इतिहास पाहूं. १८९४ सालीं हंगेरींत दानिएल आरान्य या शाळाशिक्षकानें माध्यमिक शाळांतील मुलांसाठीं गणिताचें मासिक सुरू केलें. त्यांत प्रश्न छापावयाचे आणि मुलांनीं घरीं बसून, सावकाश विचार करून, उत्तरें टपालानें पाठवावयाचीं. त्या लहानशा देशानें गणितज्ञांची जी पिढी जगास दिली तिच्यांतील कित्येकजण या मासिकाचे प्रश्न सोडवीत वाढले होते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ सालीं रुमानियांत सुरू झालें. भारताचीं मुलें १९८९ पासून त्यांत जात आहेत, आणि १९९६ सालीं तें मुंबईस भरलें होतें. तेथें रोज साडेचार तास आणि तीन प्रश्न, असे दोन दिवस असतात. म्हणजे एका प्रश्नास दीड तास. शालेय मुलांच्या जगांतील सर्वांत मोठ्या स्पर्धेंतहि चपळाईपेक्षां चिकाटीला अधिक जागा ठेवलेली आहे. शिवाय पंधराच्या पंधरा तासांत मीं नववीच्या बाहेरचें गणित जवळजवळ वापरलेलें नाहीं. पुढचें पुस्तक आणावें लागलें नाहीं. हातांत होतें तेंच खोल खणलें.

आतां आईबापांसाठीं थोडें. मूल रात्रीं कागदावर रेघोट्या मारीत बसलें आहे आणि उत्तर येत नाहीं, हें पाहून आपला जीव खालवर होतो. आपण उत्तर सांगतों, किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर शोधून देतों. आज कोणत्याहि प्रश्नाचें उत्तर क्षणांत समोर येतें, आणि म्हणूनच तें तसें न आणण्याचा संयम घरांत असला पाहिजे. उत्तर उद्यां मिळालें तरी कांहीं बिघडत नाहीं. शिकवणीच्या वर्गांत मूल किती पुढें गेलें, याची शेजारच्या घराशीं तुलना करूं नये. 'आज किती गुण मिळाले?' असें रोज विचारणाऱ्या घरांत मूल सोपे प्रश्न निवडावयास शिकतें. त्याऐवजीं जेवतांना एवढेंच विचारून पाहावें, 'या आठवड्यांत कोठें अडलास?' मुलगी असेल तर तिलाहि हेंच विचारावें. आणि उत्तर आलें कीं समजलें नाहीं तरी ऐकावें. मूल दुसऱ्यास समजावून सांगतांना पुष्कळदां त्याचें त्यालाच समजतें.

सहामाहीच्या अखेरीस या मुलांस चांचणींत कदाचित् पूर्वींइतकेच गुण मिळतील. कारण पूर्वींहि त्यांना भरपूरच मिळत होते. फरक दिसेल तो वहींत. जूनमध्यें 'मला येत नाहीं' असें जेथें लिहिलेलें होतें, तेथें ऑक्टोबरांत 'मला अजून आलें नाहीं. पण दोनाच्या ठिकाणीं तीन घेऊन पाहीन' असें लिहिलेलें आढळेल. एवढें आढळलें तर सहामाही वाया गेली नाहीं असें शिक्षकानें खुशाल समजावें.

जातां जातां श्रोत्यांसाठीं एक प्रश्न ठेवतों. ३६ ही संख्या कोणत्याहि पूर्णांकाच्या वर्गाची दुप्पट नव्हे. तेव्हां ३६ हातांचा बांबू पूर्णांकांत उत्तर देईल कीं नाहीं? आणि देत असेल, तर आपण मघां काढलेल्या नियमाचें काय करावयाचें? उत्तर मी सांगत नाहीं. घरांतील नववीच्या मुलास जवळ बसवून, दोघांनीं मिळून पाहावें.